स्वस्त तिकीट, मधला थांबा आणि पहिल्यांदाच विमानात बसणारी आई

गाठोडं

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आईचं वय ६७, आजवर विमानात बसलेली नाही. भाऊ परदेशात असतो, त्याच्याकडे तीन आठवडे जायचंय आणि सोबत मी. पैसे मोजूनमापून आहेत. सगळे तिकिटातच घातले तर तिथे जाऊन भावाच्या घराच्या भिंती बघत बसावं लागेल.

पर्याय दोन दिसतायत. पहिला: एकाच कंपनीचं सलग तिकीट, मध्ये एक थांबा, तो तब्बल साडेसात तासांचा. दुसरा: दोन कंपन्यांची दोन सुटी तिकिटं. एक विमान उतरतं आणि दुसरं सुटतं त्यात २ तास १० मिनिटं. दोन्ही मिळून पहिल्या पर्यायापेक्षा साधारण एक तृतीयांशाने स्वस्त. माझं मन दुसऱ्याकडे झुकलंय. पैसे वाचतात, आणि साडेसात तास आईला घेऊन खुर्च्यांवर बसायचं म्हणजे शिक्षाच. तिचे गुडघेही दुखतात.

शिवाय एक बाळबोध शंका. तिकीट मंगळवारी काढलं की स्वस्त पडतं आणि शोधताना ब्राउझर इन्कॉग्निटोत ठेवावा, असं आमच्या ऑफिसात सगळे छातीठोकपणे सांगतात. खरं का हे?

रिकामा_खिसा

ताई, दुसरा पर्याय आत्ताच्या आत्ता डोक्यातून काढा.

सलग तिकीट म्हणजे एक पीएनआर. पहिलं विमान उशिरा पोचलं आणि पुढचं हुकलं, तर त्यानंतरच्या विमानात बसवून देणं ही कंपनीची जबाबदारी. सुट्या तिकिटांत पहिल्या कंपनीला तुमच्या दुसऱ्या तिकिटाचा पत्ताच नसतो, आणि दुसरीच्या लेखी तुम्ही न उगवलेले प्रवासी, नो-शो. उशीर पहिलीने केला हे तिला सांगून काही उपयोग नाही. नवं तिकीट काढा, तेही ऐनवेळच्या भावाने.

आता ते २ तास १० मिनिटं फोडून बघा. चाकं टेकली म्हणजे तुम्ही उतरलात असं नाही. विमान गेटला लागणार, दार उघडणार, पुढच्या तीस रांगा उठून वरच्या कप्प्यातल्या बॅगा ओढणार. मग इमिग्रेशनची रांग. मग बेल्टवर बॅगेची वाट. मग कस्टम्समधून बाहेर, लिफ्ट शोधून वरच्या मजल्यावर, नशीब फुटकं असेल तर दुसऱ्या टर्मिनलला. आणि आंतरराष्ट्रीय विमानाचा चेक-इन काऊंटर पुष्कळ ठिकाणी सुटण्याच्या तासभर आधीच बंद होतो. म्हणजे हातात खरे उरले १ तास १० मिनिटं. दुखऱ्या गुडघ्यांनिशी.

व्हिसाचं काय? बॅग घ्यायला बाहेर आलात म्हणजे त्या देशात शिरलात. सलग तिकिटावर ट्रान्झिटमध्ये, म्हणजे इमिग्रेशनच्या अलीकडेच, बसून राहिलं की पुष्कळ देशांत व्हिसा लागत नाही (काही देश ट्रान्झिटलाही मागतात, तेवढं बघून घ्या). सुट्या तिकिटांत बॅग असेल तर बाहेर यावंच लागतं. आणि तो व्हिसा नसेल तर पहिल्याच विमानात चढू देणार नाहीत, कारण त्या कंपनीच्या दृष्टीने तुमचा प्रवास तिथेच संपतो.

चष्मिष्ट

+१. चार आण्याची कोंबडी.

शेवटची_रांग

मी जरा उलट बोलतो, दगड मारू नका.

दहा-बारा वर्षं मी सुटीच तिकिटं काढून फिरतोय, त्याशिवाय माझ्या पगारात भटकंती बसलीच नसती. पण माझे नियम आहेत. चेक-इन सामान शून्य, पाठीवर एकच सॅक. मधल्या शहरात निदान एक रात्र. म्हणजे हुकण्याचा प्रश्न उरत नाही आणि एक शहर वरकमाईत पाहून होतं. परतीचं विमान कामावर हजर व्हायच्या आदल्या रात्रीचं कधीच नाही.

एकदाच मोडला नियम. मध्ये चार तास होते, म्हटलं पुरे. पहिलं विमान धुक्यात अडकलं. रात्र बाकावर काढली, त्या बाकाला दर दोन माणसांमागे एक लोखंडी हात होता, त्यामुळे आडवंही होता येईना. सकाळी नवं तिकीट काढलं आणि त्या एका तिकिटात दोन-तीन वर्षांची बचत गेली.

तेव्हा सुटी तिकिटं वाईट नाहीत हो. ती एकट्या आणि मोकळ्या हाताच्या माणसाची आहेत. आईबरोबर नको.

गाठोडं

बाप रे. व्हिसाचं डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. बरं झालं विचारलं.

मग सलगच घेते. पण तेच थोडं खाली आणता येईल का? आणि मंगळवारचं कुणीच बोललं नाही!

काऊंटरपलीकडे

गाठोडंताई, पंधरा वर्षं मी काऊंटरच्या पलीकडच्या बाजूला काढली, आधी तिकीट, मग चेक-इन. आतलं सांगतो.

एकाच केबिनमधल्या, एकसारख्या दिसणाऱ्या खुर्च्या आत दहा-बारा कप्प्यांत वाटलेल्या असतात. प्रत्येक कप्प्याला एक अक्षर. वाय म्हणजे बहुधा पूर्ण भाड्याचा इकॉनॉमी, त्याखाली बी, एम, एच, के अशी उतरंड; क्रम कंपनीगणिक बदलतो. तुमच्या ई-तिकिटावर ‘क्लास’समोर एकटं अक्षर छापलेलं असतं ना, ते हेच. सगळ्यात खालच्या कप्प्यात मोजक्याच खुर्च्या. त्या गेल्या की पुढच्या गिऱ्हाईकाला वरचा कप्पा दिसतो आणि तो म्हणतो, भाव वाढला. विक्री थंड असेल तर खालचा कप्पा पुन्हा उघडतातही, म्हणून भाव कधीकधी उतरलेला दिसतो. १९७८ साली अमेरिकेत विमानभाड्यावरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि त्यानंतर ह्या कप्प्यांच्या खेळाला खरा जोर चढला. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने तुमच्या दीडपट पैसे दिलेले असतात तो ह्याचाच प्रताप. त्याला विचारू नका, दोघांपैकी एकाची झोप उडते.

ह्यातून तुमच्या कामाचं: तुम्ही दोघींसाठी शोधताय. खालच्या कप्प्यात एकच खुर्ची उरली असेल तर बऱ्याच सिस्टिम दोघींना वरच्या कप्प्याचा भाव दाखवतात. म्हणून आधी एका प्रवाशासाठी शोधा, मग दोघांसाठी. माणशी भावात फरक दिसला तर कारण हे. वेगवेगळी तिकिटं काढून तो फरक वाचवता येतो, पण मग दोघींचे पीएनआर वेगळे होतात. वेळापत्रक बदललं तर एकीला एका विमानात आणि दुसरीला दुसऱ्या विमानात टाकलं जाऊ शकतं. कंपनीला फोन करून दोन्ही पीएनआर एकमेकांना जोडून घ्या. फरक किरकोळ असेल तर तुमच्या बाबतीत मी ह्या फंदात पडणार नाही.

मंगळवार: काढायचा वार नव्हे, उडायचा वार बघा. शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी सगळ्यांनाच जायचं असतं. मधल्या वाराला गर्दी कमी, तेव्हा खालचे कप्पे उशिरापर्यंत उघडे राहतात. तारीख दोन दिवस पुढेमागे करायची तयारी असेल तर त्यासारखी सूट नाही. इन्कॉग्निटोने भाव उतरलेला मी तरी कधी पाहिला नाही. बहुतेक वेळा झालेलं असतं इतकंच, की शोध घेणाऱ्या साइटने जुना भाव साठवून ठेवलेला असतो आणि तुम्ही क्लिक केल्यावर खरा समोर येतो.

आणखी एक, ह्यात माणसं फार फसतात. एकेरी तिकिटापेक्षा जाऊन-येऊन स्वस्त दिसलं तर खुशाल घ्या, पण टप्पे क्रमाने वापरा. पहिला टप्पा सोडलात की पुढचे सगळे आपोआप रद्द होतात. ‘येतानाचं तरी वापरू’ म्हणत रडत आलेली माणसं मी काऊंटरवर पाहिली आहेत. मला काही करता यायचं नाही.

आईंच्या गुडघ्यांसाठी: चाकाची खुर्ची मागा. फुकट असते. निदान ४८ तास आधी कंपनीला कळवा. त्यात तीन प्रकार असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे माणूस पायऱ्या चढतो पण लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्याही नाहीत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे थेट सीटपर्यंत नेऊन बसवायचं. तुम्हाला पहिला हवा. ‘लोक काय म्हणतील’ हा विचार करू नका. मोठ्या विमानतळावर एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंत किलोमीटरभर चाल सहज पडते.

निवांत

काऊंटरभाऊंचा प्रतिसाद साठवून ठेवला आहे. पंधरा वर्षं आमच्यावर डाफरल्याचं पाप ह्या एका पोस्टने फिटलं.

काऊंटरपलीकडे

@निवांत 😄 डाफरणं ड्यूटीत धरलेलं असायचं.

चष्मिष्ट

एक भीक मागते: तारीख नीट वाचा. आमचं विमान होतं १५ तारखेला ००:४० वाजता. आम्ही दोघं शिकलेसवरलेले, १५ च्या रात्री जेवूनखाऊन, गॅस बंद करून, शेजाऱ्यांकडे किल्ली देऊन विमानतळावर हजर. विमान १४ आणि १५ च्या मधल्या रात्रीच उडून गेलं होतं. काऊंटरवरच्या मुलीने बोर्डिंग पास मागितला नाही की काही नाही, नुसती आमच्याकडे बघत राहिली. तिला सवय असावी.

नवऱ्याने आजवर मला दोष दिलेला नाही. फक्त घरात कुणी ‘मध्यरात्री’ म्हणालं की तो विचारतो, कुठल्या?

आणि तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या स्थानिक असतात. सुटण्याची वेळ पोचण्याच्या वेळेतून वजा करून ‘अवघे तीन तास’ म्हणू नका.

गाठोडं

@चष्मिष्ट, हसू की रडू कळेना 🙏

बातमी: तिकिटं काढली! सलग. तारीख शनिवारवरून बुधवारवर नेली तर इतकी खाली आली की सुट्या तिकिटांच्या जवळपास पोचली. तरी ती थोडी स्वस्त होतीच, खोटं कशाला बोलू. तारीख तीनदा वाचली, आईकडून एकदा मोठ्याने वाचून घेतली. नावंही पासपोर्टवर आहेत अगदी तशीच टाकली. चाकाच्या खुर्चीचं कळवलं. आई रागावली. ‘मी काय पांगळी आहे का?’

आता खरा प्रश्न. आई बोलून दाखवत नाही पण घाबरली आहे. रात्री उठून विचारते, पंख हलतात म्हणे, मोडत नाहीत का? मला काय उत्तर द्यायचं सुचत नाही, कारण मलाही भीती वाटते.

ढगातला

विमानांच्या देखभालीत आयुष्य गेलं, म्हणून इथे तोंड उघडतो.

पंख हलतात, कारण हलण्यासाठीच बनवलेत. बांबू वाऱ्यात वाकतो तसं. प्रवासी विमानाच्या आयुष्यात जास्तीत जास्त जेवढा भार येईल असं धरलेलं असतं, त्याच्या दीडपट भार पंखांनी सोसला पाहिजे अशी अट आहे, आणि ती नुसती कागदावर सिद्ध करत नाहीत. नवीन विमानाचा सांगाडा हँगरमध्ये जखडून पंख दोरखंडांनी वर खेचतात. टोकं माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर जातात. ते चित्र एकदा पाहिलं की खिडकीतून दिसणारं थरथरणं म्हणजे काहीच नाही.

भीती मुख्यतः आवाजांची असते. कुठला आवाज कशाचा हे आधी सांगून ठेवलं की निम्मी जाते. क्रमाने सांगतो, आईंना वाचून दाखवा.

गेटवर असताना किंवा धावपट्टीकडे जाताना पायाखालून कुत्रं भुंकल्यासारखा, नाहीतर कुणी करवत चालवतंय असा आवाज येईल. खर्र-खर्र, थांबतो, पुन्हा खर्र-खर्र. हे एअरबस ए३२० जातीच्या विमानांचं खास वैशिष्ट्य. त्यांच्यात दोन हायड्रॉलिक यंत्रणांमधला दाब सारखा करणारं एक युनिट आहे, ते एका इंजिनावर असताना बोलतं. सामानाच्या कप्प्यात कुणाचं कुत्रं अडकलंय म्हणून क्रूला बोलावणारे प्रवासी दर आठवड्याला भेटतात.

उडाल्यावर लगेच पोटाखाली धडाम. चाकं आत गेली, दारं मिटली. मग मिनिटभरात इंजिनांचा आवाज एकदम खाली येतो आणि पोटात खड्डा पडतो. इथे नवखा माणूस खुर्चीचा हात घट्ट धरतो. त्याला वाटतं इंजिन बंद पडलं. उड्डाणाला लागणारी ताकद चढायला लागत नाही, म्हणून वैमानिकाने ती कमी केलेली असते. विमान चढतच असतं. मग घूंऽऽ असा लांबलचक आवाज, तो पंखाच्या मागच्या फ्लॅप्सचा. उतरताना हेच सगळं उलट्या क्रमाने. चाकं टेकल्यावर शेवटची मोठी गर्जना, ती रिव्हर्स थ्रस्टची, वेग मोडण्यासाठी. टिंग-टिंग घंट्या वाजल्या तर बहुतेक कुणालातरी पाणी हवं असतं.

रात्री उडताना-उतरताना आतले दिवे मंद करतात तेही वीज वाचवायला नाही. वेळ पडलीच तर अंधारात बाहेर पडताना डोळे सरावलेले असावेत म्हणून. खिडक्यांचे पडदे वर करायला लावतात, कारण बाहेर काय चाललंय ते दिसायला हवं.

निवांत

कानांचं कुणीतरी सांगा. माझे दरवेळी उतरताना बंद होतात आणि दोन दिवस मी ‘काय?’ एवढंच बोलतो.

ढगातला

@निवांत, विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर असतं, पण आतली हवा साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असते तेवढ्या दाबाची ठेवतात. चढताना कानातली जास्तीची हवा आपोआप बाहेर पडते. उतरताना बाहेरून आत घ्यावी लागते आणि कान-घसा जोडणारी नळी मिटून बसते, म्हणून त्रास उतरतानाच. उतरणं सुरू झालं की झोपू नका, झोपेत माणूस फारसं गिळत नाही. चघळायला काहीतरी ठेवा, आवंढा गिळा, जांभया द्या. नाक-तोंड बंद करून फुंकायचं असेल तर हळू, जोर लावून नाही. सर्दीने नाक चोंदलेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आत हवा भयंकर कोरडी असते, २० टक्क्यांच्याही खाली दमटपणा. पाणी पीत राहा. आणि दर तासा-दीड तासाने आईंना उठवून चार पावलं चालवा, निदान पावलं वर-खाली करायला लावा. पाय तासन्‌तास लटकून राहिले की पिंढरीत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, त्या वयात जास्तच.

जिराफ

सीटचं मी सांगतो, माझी उंची ६ फूट ३ इंच आहे आणि हा माझ्या आयुष्याचा विषय आहे.

हेलकावे सगळ्यात कमी पंखांच्या जवळ, सगळ्यात जास्त शेपटीकडे. आपत्कालीन दाराच्या रांगेत पाय पसरतात, पण तिथे चाकाच्या खुर्चीवरच्या प्रवाशाला बसवत नाहीत, तेव्हा आईंसाठी विसरा. त्या रांगेच्या पुढच्या रांगेची पाठ बऱ्याच विमानांत मागे जात नाही. गुडघेदुखीला आतल्या वाटेलगतची सीट बरी.

आता माझं गाऱ्हाणं. पुढचा माणूस पाठ मागे टाकतो तेव्हा ती माझ्या गुडघ्यांच्या वाट्यांवर येते. किमान मागे वळून बघा की राव!

रिकामा_खिसा

बटण दिलंय ते दाबायलाच दिलंय ना?

जिराफ

खुर्च्यांमधलं अंतर कमी करताना बटण काढायचं राहून गेलंय एवढंच.

शेवटची_रांग

दोघांनी भांडणासाठी वेगळा धागा काढावा. इथे सामानाचं बोलू.

ताई, दोघींचे कपडे दोन्ही बॅगांत निम्मे-निम्मे भरा. एक बॅग मागे राहिली तरी दोघींनाही बदलायला मिळतं. औषधं, चष्मा, कागदपत्रं पाठीवर. तिकिटावर २३ किलो लिहिलंय म्हणजे एका बॅगेचं. दोन बॅगांचे मिळून ४६ असं सगळीकडे धरत नाहीत. आणि ३२ किलोच्या वरची बॅग जादा पैसे देऊनही सहसा घेत नाहीत, कारण ती उचलणाऱ्या माणसालाही पाठ असते. घरच्या वजनकाट्यावर आधी तुम्ही उभ्या राहा, मग बॅग घेऊन उभ्या राहा, वजाबाकी करा. मी हाताचं सामान गेटवर मापाच्या लोखंडी पिंजऱ्यात कोंबताना घामाघूम झालेली माणसं पाहिली आहेत. चाकं आणि दांडा मापात धरतात, हे तिथे कळतं.

पॉवर बँक हातातल्या सामानातच. १०० वॉट-तासांपर्यंत चालते. २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट भागिले १,००० म्हणजे ७४, ठीक आहे. मात्र गेटवर ‘वरचे कप्पे भरले, बॅग खाली टाकतो’ म्हणून हातातली बॅग काढून घेतली, तर पॉवर बँक आधी बाहेर काढा. इथेच सगळे विसरतात.

चष्मिष्ट

द्रवपदार्थांची १०० मिलीची मर्यादा बाटलीच्या मापावर आहे, आत किती उरलंय त्यावर नाही. २०० मिलीच्या बाटलीत तळाशी दोन चमचे तेल असलं तरी जप्त. २००६ साली द्रवस्फोटकांचा कट उघडकीला आला तेव्हापासूनचा हा नियम. काही विमानतळांवर नवी यंत्रं आल्यामुळे सैल झालाय, पण तुमच्या मधल्या थांब्यावर पुन्हा तपासणी असेल आणि तिथे तो कडकच असेल असं धरून चाला. रिकामी बाटली न्या, आत गेल्यावर भरा.

काऊंटरपलीकडे

एक पैशांचं राहिलं. परदेशात कार्ड घासल्यावर मशीन विचारतं, तुमच्या घरच्या चलनात घेऊ की इथल्या? इथल्या म्हणा. घरच्या चलनातला दर ते मशीनवालेच ठरवतात आणि तो तुमच्या फायद्याचा क्वचितच असतो.

गाठोडं

(महिन्याभराने)

मंडळी, पोचलो, राहिलो, परवा परत निघायचंय. हकिकत ऐका.

पहिलं विमान वीस मिनिटं आधी पोचलं. वीस मिनिटं *आधी*! आम्ही ट्रान्झिटमध्ये बसलेलो असताना समोरच्या पाटीवर ते सुट्या तिकिटांचं दुसरं विमान ‘बोर्डिंग’ झालं, ‘लास्ट कॉल’ झालं, गेलं. मी ती पाटी बघत होते आणि तुमच्या सगळ्यांच्या नावाने बोटं मोडत होते. साडेसात तास. आईने त्यातले तीन तास झोप काढली, उरलेल्यात चाकाची खुर्ची ढकलणाऱ्या मुलाला लग्न का करत नाहीस म्हणून पिडलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती.

खरी गंमत पुढे. मध्ये साडेसात तास असूनही आईची बॅग आली नाही! बेल्ट रिकामा फिरतोय, त्यावर एकच अनाथ खोका, आणि आम्ही. भाऊ बाहेर वाट बघत होता, म्हणाला उद्या फोन करू, चला. मी नाही निघाले. तिथेच बॅगेजच्या काऊंटरवर पीआयआर (बॅग न आल्याची लेखी नोंद) करून घेतला, बोर्डिंग पासवर चिकटवलेला टॅगचा तुकडा दाखवला, नंबर लिहून घेतला. बॅग तिसऱ्या दिवशी घरपोच आली, एक चाक मोडून. निम्मे-निम्मे कपडे भरले होते म्हणून आईचं काही अडलं नाही. शेवटची_रांग, तुम्हाला आईचा आशीर्वाद आहे.

चाकाचं काही करता येतं का हो आता? येऊन अठरा दिवस झाले.

काऊंटरपलीकडे

पीआयआर केलात हे उत्तम. सामान हरवलं, मोडलं, उशिरा आलं तर काय, हे १९९९ च्या मॉन्ट्रियल करारात ठरलेलं आहे. मोडतोडीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिराची २१ दिवसांत. चाकाची मुदत गेली. उशिराची आहे अजून: त्या तीन दिवसांत आईंसाठी काही अत्यावश्यक घेतलं असेल तर पावत्या जोडून आजच मेल करा. भरपाईची कमाल मर्यादा डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर आहे (नाणेनिधीचं हिशेबाचं चलन), पण ती कमाल. मिळतो तो खरा झालेला खर्च.

गाठोडं

पावत्या आहेत! एक स्वेटर आणि चपला. आजच करते.

आईचं सांगायचं राहिलं. ए३२० होतं, भुंकलं. विमानातली सगळी माणसं इकडेतिकडे बघायला लागली आणि आई शेजारच्या बाईला हाताने खुणा करून सांगतेय, कुत्रं नाही, कुत्रं नाही. चढल्यावर इंजिनाचा आवाज उतरला तेव्हा तिने माझा हात धरला, पण मला धीर द्यायला.

मग जवळजवळ दोन तास ती खिडकीकडे तोंड करून होती. (वाटेलगतची सीट तिने साफ नाकारली.) मला वाटलं ढग बघतेय. ती काचेच्या खालच्या कडेजवळचं एक टाचणीएवढं भोक बघत होती. त्याच्याभोवती बर्फाचे बारीक काटे आले होते, रांगोळीसारखे, आणि ते हळूहळू वाढत होते. ‘भोक पडलंय, कुणाला सांगायचं का?’ असं अगदी शांतपणे विचारलं तिने.

ढगातलादादा, ते भोक कशाला असतं?

ढगातला

मुद्दाम ठेवलेलं आहे. खिडकीला एकामागे एक तीन तावदानं असतात. भोक मधल्यात. त्यातून आतल्या हवेचा दाब मधल्या फटीत पोचतो, म्हणजे दाबाचा सगळा भार बाहेरच्या जाड तावदानावर येतो आणि मधलं राखीव राहतं, बाहेरच्याला काही झालंच तर. शिवाय फटीत फारशी वाफ धरत नाही. आतल्या दमट हवेतला थोडा अंश तिथे थंड तावदानाला लागून गोठतो, त्याची ती रांगोळी. आपण ज्याला हात लावतो ते सगळ्यात आतलं तावदान नुसतं ओरखडे झेलायला असतं.

आईंना म्हणावं, तीस वर्षं मी त्या भोकांना बघत आलोय, दोन तास कधी बघितलं नाही.

गाठोडं

वाचून दाखवलं. म्हणाली, परतीलाही खिडकीच. चेक-इन उद्या उघडतंय. ४१ ए घेऊ की ४१ के? दुपारचं विमान आहे.

जिराफ

उन्हाची बाजू टाळा. पण आधी त्या विमानाचा सीटचा नकाशा नीट बघा. काही विमानांत एखाद्या रांगेला नुसती भिंत असते, खिडकीच नसते, आणि पैसे मात्र खिडकीचेच घेतात.